तीन मिनिटे ते तीस मिनिटे : मराठी गाण्याची बदलती मापे

(द्वितीय वर्ष, कला)

गतवर्षी आमच्या वाङ्मय मंडळाच्या एका बैठकीत 'नव्या संगीतप्रकारांना जन्म देणारे अल्बम' या विषयावर चर्चा ठेवण्यात आली होती. फळ्यावर एकेक नाव लिहिले जात होते. माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९), बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' (१९६७), क्राफ्टवेर्क या जर्मन वृंदाचा 'ऑटोबान' (१९७४). सांगणाऱ्या मित्रमैत्रिणींचा अभ्यास चांगला होता. मी मात्र ही नावे प्रथमच ऐकत होते. शेवटी सूत्रसंचालकांनी विचारले, "मराठीतले एखादे नाव?" कोणीतरी 'गीतरामायण' म्हणाले. त्यावर लगेच दुसरे कोणी म्हणाले की तो तर रेडिओवरचा कार्यक्रम, अल्बम नव्हे. मी धीर करून म्हटले, "प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटी?" आणि वर्गात हशा पिकला. तो हशा वाईट हेतूचा नव्हता, हे आज मला कळते. पण त्या दिवशी मला खाली बसावेसे वाटले आणि मी बसले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी मला जे उत्तर देता आले नाही, ते देण्याचा प्रयत्न आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आजोबा गिरणीत होते, वडील यंत्रमागावर आहेत, आई आणि आजी विड्या वळतात. आजोबांनी बोनसच्या पैशांतून घेतलेला एक टू-इन-वन आणि कॅसेटींनी भरलेली पत्र्याची पेटी, एवढाच आमच्या घरातला संगीताचा ठेवा. भिंतीवर घड्याळ असूनही आजी वेळ मोजत आली ती कॅसेटच्या बाजूंवर. एक बाजू वाजून संपेपर्यंत साधारण पन्नास विड्या होतात, असा तिचा हिशेब. लहानपणी भूक लागली म्हणून मी भुणभुण लावली की ती सुपातून मान वर न काढता म्हणायची, "ही बाजू संपू दे की गं, उठतेच मग." गाण्याला एक माप असते आणि ते माप ज्या वस्तूत गाणे भरलेले असते तिच्याकडून येते, ही गोष्ट मी पुस्तकात वाचण्याआधी आजीकडून शिकले. या लेखाचा मुद्दाही तोच आहे. मराठी गाण्यात नवे प्रकार रुजले, तेव्हा बहुतेक वेळा त्याच सुमारास गाणे साठवण्याचे माप बदललेले होते. हे तीन उदाहरणांवरून पाहू.

१. अल्बम या शब्दाची कथा

प्रथम शब्दाचा अर्थ पाहणे योग्य होईल. अल्बम म्हटले की आपणास लग्नातल्या फोटोंची वही आठवते, आणि मूळ कल्पना तीच आहे. पूर्वीच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण बसे. मोठी रचना ऐकायची तर अनेक तबकड्या लागत. त्या तबकड्या कागदी खिशांच्या जाड वहीत घालून विकल्या जात आणि ती वही फोटोंच्या अल्बमसारखी दिसे, म्हणून तिला अल्बम हे नाव पडले. पुढे १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे बसू लागली. वही गेली, पण नाव राहिले. म्हणजे अल्बम हा शब्दच मुळी 'एका तबकडीत न मावणारे' या अडचणीतून जन्माला आलेला आहे.

२. तीन मिनिटांची तबकडी आणि भावगीत

भारतात ध्वनिमुद्रणाचा मोठा उपक्रम सुरू झाला तो नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यास. फ्रेड गाइसबर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ त्यासाठी आले होते आणि त्यांनी गौहरजान या प्रसिद्ध गायिकेचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीतून पुकारीत, ही आठवण सर्वत्र सांगितली जाते. रागविस्तार तासाचा असो वा अर्ध्या तासाचा, तो तीन मिनिटांत आटोपावा लागे.

आपल्याकडच्या परंपरेला हे माप अगदीच परके होते. आमच्या सोलापूरचे शाहीर राम जोशी यांचेच उदाहरण घ्या. पेशवाईच्या उत्तरार्धात त्यांच्या लावण्या गाजल्या आणि पुढे ते कीर्तनाकडे वळले. लावणी असो वा कीर्तन, रात्र सरत आली तरी श्रोत्यांना उठावेसे वाटू नये हीच तिची कसोटी. बैठकीतले गाणे श्रोत्यांच्या मनाप्रमाणे वाढते, परतते, पुन्हा फुलते. तबकडीवर मात्र सुई कडेपासून मध्याकडे सरकत जाते आणि मध्याशी आली की गाणे संपते, मग श्रोत्यांच्या मनात काहीही असो.

या अडचणीतून मराठीत एक सुंदर गोष्ट घडली. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी चाल लावून १९३० च्या दशकाच्या आरंभी एच.एम.व्ही.च्या तबकडीवर गायिली. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना या तबकडीचे नाव आरंभीच घ्यावे लागते. जोशी पुढे याच कंपनीत अधिकारी झाले आणि त्यांनी अनेक मोठ्या गायकांची ध्वनिमुद्रणे केली.

भावगीत या प्रकाराची ठेवण पाहिली तर ती त्या तीन मिनिटांना किती नेमकी बसते हे ध्यानात येते. एक ध्रुवपद, दोन-तीन अंतरे, एकच भाव, आणि शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून आवरलेली तान. नाट्यपदाला मागे नाटकाची कथा लागे, भावगीताला ती लागत नाही. तबकडी घरात वाजते, म्हणून आवाजही घरातल्या माणसाशी बोलावे तसा मृदू झाला. पुढे गजाननराव वाटवे यांच्यासारख्या गायकांनी हेच गाणे मैफलीत नेले आणि सामान्य माणूस कविता गुणगुणू लागला. तबकडीने आपल्याकडून रात्रभराची लावणी हिरावली असे म्हणता येईल, पण त्याच तबकडीने छापील कवितेला गळाही दिला.

३. गीतरामायण : रेडिओपासून दहा तबकड्यांपर्यंत

आता त्या बैठकीतल्या आक्षेपाकडे वळते. गीतरामायण हा रेडिओचा कार्यक्रम होता, हे खरेच आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. तेथील सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकर यांनी गीते लिहिली व सुधीर फडके यांनी त्यांना चाली दिल्या. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पहिले गीत प्रसारित झाले आणि दर आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभरात ५६ गीते झाली. माडगूळकर हे शेटफळ्याचे. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात, म्हणजे आपल्या सांगोल्याच्या शेजारीच आहे. राम जोशी यांच्या जीवनावरील 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) या चित्रपटाचे लेखनही त्यांचेच. तेव्हा आपल्या भागाचे आणि त्यांच्या लेखणीचे नाते जुनेच म्हणायचे.

रेडिओवर ही गीते अनेक कलावंतांनी गायिली. रामाची गीते फडके यांनी, सीतेची माणिक वर्मा यांनी. शिवाय वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक असे कितीतरी आवाज त्यात होते. म्हणजे मूळ गीतरामायण हे एका अर्थाने श्राव्य नाटकच होते आणि प्रत्येक पात्राला स्वतंत्र गळा होता.

पुढे १९६५ साली एच.एम.व्ही.ने गीतरामायणाचा दहा लाँग प्ले तबकड्यांचा संच काढला आणि तो संपूर्ण सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजात होता. माझ्या मते नव्या प्रकाराचा जन्म येथे झाला. दशरथ, कौसल्या, राम, सीता, हनुमान ही सारी पात्रे एकाच गळ्यातून बोलू लागली. हे आपल्याला खटकत नाही, कारण कीर्तनात बुवा हेच करीत आले आहेत. ते क्षणात कैकेयी होतात आणि क्षणात भरत. रेडिओवरचे श्राव्य नाटक तबकडीवर येताना कीर्तनाच्या घरात शिरले. आज गीतरामायण म्हटले की बहुतेकांच्या कानात फडके यांचाच आवाज येतो, तो या संचामुळे आणि त्यांच्या जाहीर कार्यक्रमांमुळे.

येथे थोडे गणित करू. दहा तबकड्यांच्या वीस बाजू. एका बाजूस वीस मिनिटे धरली तर सुमारे चारशे मिनिटे, म्हणजे साडेसहा तासांहून अधिक. त्यात ५६ गीते, म्हणजे एका गीतास सरासरी सात मिनिटे. जुन्या तीन मिनिटांच्या तबकडीवर असले एक गीत घालायचे तर ते तीन तुकड्यांत तोडावे लागले असते. कौसल्येचा किंवा सीतेचा शोक अर्ध्यावर थांबवून तबकडी उलटायची, ही कल्पनाही सहन होत नाही. लाँग प्ले तबकडीमुळे गीताला पाच, सात, नऊ कडवी घेता आली, आणि एका गीतामागून दुसरे लावून सलग कथा सांगता आली. पहिले गीत भूप रागात व शेवटचे भैरवीत आहे. मैफल भैरवीने संपते हे मराठी श्रोत्याला ठाऊक असते. म्हणजे ५६ गीते मिळून एकच मैफल आहे, ही जाणीव रचनेतच आहे.

जगाच्या इतिहासात डोकावले तर एक योगायोग दिसतो. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा यांचा 'इन द वी स्मॉल अवर्स' हा अल्बम एप्रिल १९५५ मध्ये निघाला. रात्रीच्या एकटेपणाच्या एकाच सूत्रात सारी गाणी ओवलेली असल्याने सूत्रबद्ध अल्बमच्या पहिल्या उदाहरणांत त्याची गणना होते. नेमक्या त्याच महिन्यात पुण्यात गीतरामायण सुरू झाले होते. दोहोंचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पण 'सुट्या गाण्यांपेक्षा मोठे असे काहीतरी गाण्यांतूनच उभे करता येईल' ही ओढ दोन खंडांत एकाच वेळी जागी झालेली दिसते. आणि फळ्यावर लिहिलेला बीटल्सचा अल्बम येण्यापूर्वी दोन वर्षे गीतरामायणाचा संच निघालेला होता. तेव्हा फळ्यावर त्याला जागा द्यावयास हरकत नसावी.

मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. मी आजीला मोबाइलवर यातले एक गीत ऐकवले. ती म्हणाली, "हे तर रामनवमीला वाड्यातल्या रेडिओवर लागायचं. सगळ्या बाया दारात बसून ऐकायचो. पण तबकडी आपल्याकडं कुठली गं?" दहा तबकड्यांचा संच आणि त्या वाजविण्याचे यंत्र हे गिरणी कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते. रेडिओ सर्वांचा होता, अल्बम काहींचा. हा भेद मिटविला तो कॅसेटने.

४. तीस मिनिटांची बाजू

फिलिप्स कंपनीने १९६३ साली लहान कॅसेट जगापुढे आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९८० च्या दशकात झाला. टी-सीरिज, व्हीनस यांसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी काढल्या आणि एच.एम.व्ही.ची दीर्घकाळची सत्ता ढासळली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात हे सविस्तर मांडले आहे. तबकडी काढायची तर मोठा कारखाना लागे आणि तेवढा खप होईल याची खात्री लागे. कॅसेटीची नक्कल एका खोलीतल्या यंत्रांवर होऊ शके. त्यामुळे ज्या भाषांना, ज्या वस्त्यांना आणि ज्या गळ्यांना मोठ्या कंपनीचे दार कधी उघडले नसते, त्यांचे गाणे बाजारात आले. अल्जीरियात 'राई' हे गाणे असेच कॅसेटींवरून पसरले.

महाराष्ट्रात या माध्यमाने काय केले ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे, पण त्याचा अभ्यास केलेला नाही. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गीते, भीमगीते आणि कव्वाल्या घराघरांत पोचल्या. त्यांची गाणी तबकड्यांवरही होती, पण आमच्यासारख्या घरांत ती आली कॅसेटीतून. आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यांवर आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत एकच गळा ऐकू यावा, ही गोष्ट साधी नाही. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे कॅसेटच्या जमान्यात किती वाजले ते आमच्या आईवडिलांना विचारावे. वामनदादा कर्डक यांची गाणी गायन पार्ट्यांच्या मुखातून गावोगाव फिरत होती, त्यांनाही कॅसेटीची साथ मिळाली. वेसाव्याच्या मंडळींनी कोळीगीते घरोघर नेली.

या कॅसेटींचा स्वतंत्र प्रकार मानावा काय? माझे उत्तर 'होय' असे आहे, आणि त्याचे कारण पुन्हा मापात आहे. साठ मिनिटांची कॅसेट, तीस मिनिटांची बाजू, बाजूस पाच-सहा गाणी. भावगीताची तबकडी एका भावाची होती, गीतरामायणाचा संच एका कथेचा होता, तर ही कॅसेट एका प्रसंगाची असते. आजीच्या पेटीतली वर्गवारीच पाहावी : जयंतीच्या, गणपतीच्या, देवीच्या, पंढरीच्या, हळदीच्या. ऐकणारे हात रिकामे नसतात. कोणी विड्या वळते, कोणी मागावर उभा असतो, कोणी मांडव घालतो. म्हणून ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, ढोलकीचा ठेका मागाच्या खडखडाटावर मात करील असा ठेवलेला असतो, आणि गळा खुला, चढा असतो. शांत दिवाणखान्यात हे गाणे ओबडधोबड वाटते, कारण ते दिवाणखान्यासाठी बांधलेलेच नाही. भावगीताच्या मृदू आवाजामागे जसे घर आहे, तसे या चढ्या आवाजामागे कामाची जागा आणि रस्ता आहे. दोन्हीकडे नियम एकच आहे. पहिल्याला आपण अभिरुची म्हणतो आणि दुसऱ्याला हसतो, एवढाच काय तो फरक.

५. एक आक्षेप

हा लेख वाचून आमच्या एका प्राध्यापकांनी विचारले, "मापानेच सर्व घडते तर कवी आणि गायक कशाला हवेत?" प्रश्न रास्त आहे. लाँग प्ले तबकड्या असंख्य निघाल्या, गीतरामायण एकच झाले. कॅसेटी तर ढिगाने निघाल्या आणि त्यांतल्या पुष्कळ एका मोसमानंतर कोणी ऐकल्या नाहीत. दुसऱ्याची चाल उचलून शब्द बदललेल्या कॅसेटीही आजीच्या पेटीत आहेत, ते मी लपवीत नाही. माप दार उघडते, आत शिरून घर वसविणे हे कलावंताचेच काम. पण दार कोणासाठी उघडले आणि कोणासाठी बंद राहिले, हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे. ते पाहिले नाही तर दाराबाहेर उभ्या असलेल्यांना गळाच नव्हता, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

६. समारोप आणि एक विनंती

आज मोबाइलवर गाण्याला ना तीन मिनिटांची अट, ना बाजू बदलण्याची. मापच उरले नाही तेव्हा कोणता नवा प्रकार येईल, ते सांगणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. पण जे हातातून निसटत आहे त्याविषयी बोलता येईल. भावगीतांच्या तबकड्या संग्राहकांनी जपल्या आहेत, गीतरामायण पुस्तकरूपाने आणि ध्वनिरूपाने सुरक्षित आहे. कॅसेटीला मात्र वाली नाही. फीत ओल धरते, चिकटते, यंत्रात गुंतते. आम्ही पेन्सिल घालून ती गुंडाळत आलो, पण तुटलेली फीत पेन्सिलीने जोडली जात नाही.

दिवाळीच्या सुटीत मी आजीच्या पेटीतल्या कॅसेटींची यादी केली. एकूण ३४ भरल्या. त्यांतल्या ११ कॅसेटींवर गीतकाराचे नाव नाही. चार कॅसेटींचे कागदच गळून पडले आहेत, त्या कोणाच्या हे केवळ आजीला आवाजावरून सांगता येते. एक तर सोलापुरातल्याच एका गायन पार्टीची आहे. तिच्यात गाणारे गृहस्थ आजोबांबरोबर एकाच खात्यात काम करीत, असे आजी सांगते. तिच्यानंतर हे सांगणारे कोणी उरणार नाही.

म्हणून माझी गुरुजनांना आणि विद्यार्थीमित्रांना नम्र विनंती आहे की आपापल्या घरातील कॅसेटींची यादी करावी. गायक, गीतकार, वादक, प्रसंग, कंपनी आणि ती कोणी, कोठे, कशासाठी घेतली, एवढी माहिती एका वहीत लिहिली तरी पुरे. वाजण्याजोग्या कॅसेटींची नक्कल करून ती ग्रंथालयात ठेवता आली तर फारच उत्तम. माझी वही मी वाङ्मय मंडळाकडे दिलेली आहे आणि तिची पुढची पाने कोरी आहेत.

आजीला मी सांगितले की तुझ्या कॅसेटींवर मी लेख लिहिला आहे. तिने हातातली विडी पुरी केली, दोरा तोडला आणि विचारले, "किती मोठा?" मी म्हटले, "वाचून दाखवायला अर्धी बाजू लागेल." ती म्हणाली, "मग वाच की, पंचवीस होतील तेवढ्यात."